घरकुलाचा हिशेब



सरकार घरांवर आणि मागे राहिलेल्या समाजावर किती खर्च करते, कसा करते आणि तो कोठे पोहोचतो, हा आजचा विषय आहे. विषय रुक्ष आहे. कोटींचे आकडे सुरू झाले की माणसाचे कान आपोआप मिटतात. परंतु मी कामगार संघटनेचा माणूस, आणि आम्हांला पगारपत्रक वाचण्याची एक रीत ठाऊक असते. वरचा ठळक आकडा आम्ही शेवटी पाहतो. आधी कपात पाहतो, मग हातात काय पडले ते पाहतो. सरकारचा हिशेबही आज त्याच रीतीने वाचू या.

धामणगावात हा विषय बोलण्याला एक विशेष औचित्य आहे. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत गेली, आणि या स्टेशनाभोवती कापसाचा व्यापार वाढत गेला. यवतमाळकडच्या गाड्या येथे येऊन सुटू लागल्या. रेचे फिरू लागले, प्रेसमधून गठाणी निघू लागल्या. कापसासाठी गोदामे झाली, यंत्रांसाठी पक्क्या इमारती झाल्या, मालकांचे वाडे उभे राहिले. गठाण पाठीवर वाहणाऱ्या हमालाचे काय? वऱ्हाडातल्या कोणत्याही कापूसपेठेत जा, उत्तर एकच मिळेल. त्याने आपल्या कुवतीप्रमाणे कूड घातला, वर कवेलू चढवले, पुढे कवेलूच्या जागी टीन आले. गठाण भिजू नये म्हणून तिच्यावर ताडपत्री पडते, कारण भिजली तर तिचा भाव उतरतो. माणूस भिजला तर कोणाच्याच वहीत तूट दिसत नाही. सरकारने घरांच्या कामात का पडावे, याचे सगळे उत्तर या दोन वाक्यांत आहे. बाजार मालाला छप्पर देतो. मजुराला छप्पर द्यायचे तर ते समाजाने ठरवून द्यावे लागते.

स्वतंत्र भारतात हे ठरवायला सुरुवात झाली ती १९५२ च्या औद्योगिक कामगारांच्या गृहयोजनेपासून. आपला वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रदेशात होता. मोठ्या शहरांतल्या गिरणी कामगारांना त्या धोरणाचा काही लाभ झाला. परंतु जिनातला मजूर हंगामी. चार महिने जिनात, उरलेले महिने शेतावर नाहीतर रस्त्यावर. तो धड कारखान्याचा नाही आणि धड शेताचाही नाही. योजना कायम कामगारासाठी आखली, की हंगामी माणूस तिच्या दारातच अडतो. खेड्याकडे सरकारचे लक्ष वळायला १९८५-८६ साल उजाडले. इंदिरा आवास योजना तेव्हा आली, १९९६ पासून ती स्वतंत्रपणे चालली आणि २०१६ मध्ये तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना आली. राज्याने आपल्याकडून अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि २०२३ मध्ये इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास अशा योजना काढल्या.

येथे एक आक्षेप हमखास निघतो. गरिबी एकच, मग खिडक्या इतक्या कशाला? आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण खिडकी एकच ठेवली, तर रांगेत पुढे कोण उभा राहील? ज्याचा गावात शब्द चालतो, ज्याच्या नात्यात सरपंच आहे, ज्याला अर्ज लिहिता येतो, तो. जो पिढ्यान्‌पिढ्या मागे उभा राहिला, तो नव्या रांगेतही मागेच राहील. म्हणून निराळी खिडकी. तिला कोणी मेहरबानी समजू नये. रांगेतली धक्काबुक्की थांबवायला घातलेला तो कठडा आहे.

आता हातात काय पडते ते पाहू. २०१६ मध्ये सपाट प्रदेशातल्या एका घरकुलासाठी १,२०,००० रुपये ठरले. त्यांत केंद्राचे ७२,००० आणि राज्याचे ४८,०००. घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे. शौचालयासाठी १२,००० निराळे. शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. २०२५-२६ चा महाराष्ट्राचा ३१२ रुपयांचा दर धरला, तर ती २८,०८० होते. सर्व मिळून १,६०,०८० रुपये. आपल्यापैकी ज्यांनी घर बांधले आहे, त्यांनी मनातल्या मनात रेती, गिट्टी, विटा, सळाख आणि मिस्त्रीची मजुरी मांडून पाहावी. मूळ मदतीची रक्कम वर्षानुवर्षे जागची हलली नाही. बाजारभाव मात्र कोणाची वाट पाहत थांबले नाहीत. २०२५ मध्ये राज्याने ५०,००० रुपयांची वाढ जाहीर केली, ती स्वागतार्ह आहे. पण मधल्या काळात ज्यांनी घरे बांधली, त्यांनी ही तूट सावकाराकडून भरून काढली.

याच हिशेबातली एक मौज ऐका. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत सिमेंटवर २८ टक्के कर होता, त्यानंतर तो १८ टक्के झाला. लोखंडावरही १८ टक्के. म्हणजे सरकार एका हाताने घरकुलाचा हप्ता देते, आणि त्यातूनच घेतलेल्या प्रत्येक बोरीमागे दुसऱ्या हाताने काही परत घेते.

हप्त्यांची रीतही पाहा. पहिला हप्ता १५,००० रुपये. त्यात जोते उभारायचे, मग त्याचे छायाचित्र निघायचे, मग पुढचा हप्ता. ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत, तो आधी बांधतो आणि हप्ता मागाहून घेतो. ज्याच्या गाठीला काहीच नाही, तो हप्त्याची वाट पाहत रोजी बुडवतो आणि अखेर कामासाठी परगावी निघून जातो. भिंती चौकटीपर्यंत येऊन उभ्या राहतात, आणि कागदावर त्याच्या नावापुढे ‘अपूर्ण’ असा शेरा पडतो. ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण खाऊनपिऊन सुखी माणसाने केली असावी. रोजमजुराला तर ती धमकीसारखी वाटते.

यादीचे दुखणे निराळेच आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून ही यादी निघाली. त्या साली जो मुलगा बापाच्या घरात होता, तो आज चार माणसांच्या कुटुंबाचा कर्ता आहे. २०१८ साली पुन्हा पाहणी सुरू झाली, तरी जुन्या अटी कायम होत्या. दारात मोटारसायकल असली की नाव बाद. मजूर पंधरा मैलांवर कामाला जाण्यासाठी हप्त्याने जुनी गाडी घेतो, आणि तीच गाडी त्याचे घर नेते. ही अट २०२४ मध्ये निघाली. झाले ते बरे झाले, पण बैल गेला नि झोपा केला, असे अनेकांच्या बाबतीत म्हणावे लागेल.

याहून मोठी अडचण जागेची. घरकूल मंजूर आहे, पण ते ठेवायचे कोठे? भूमिहीनाला जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून आधी ५०,००० रुपये मिळत, पुढे ही रक्कम एक लाख झाली. आता गावठाणाला लागून कोणी भूमिहीनाला तुकडा विकायला तयार असेल तर ना! आपल्या वऱ्हाडात गरिबांच्या कित्येक वस्त्या ई-वर्ग जमिनीवर आहेत. १ जानेवारी २०११ पूर्वीची राहती अतिक्रमणे नियमित करण्याचे राज्याने २०१८ मध्ये ठरवले. परंतु गायरान म्हटले की अधिकारी सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपालसिंग निकालाकडे बोट दाखवतात. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी अपवादाची वाट ठेवलेली आहे. ती ओळ वाचून दाखवण्याची तसदी कोणी घेत नाही.

या जिल्ह्यातल्या पारध्यांच्या बेड्यांकडे पाहा, म्हणजे समाजात सामावून घेणे म्हणजे काय ते कळेल. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. पण कायदा रद्द करायला एक दिवस लागतो, गावाच्या मनातला संशय रद्द करायला तीन पिढ्याही पुरत नाहीत. जातीचा दाखला नाही म्हणून योजना नाही, रहिवासाचा पुरावा नाही म्हणून दाखला नाही, आणि घर नाही म्हणून पुरावा नाही. या चक्रात नुसता पैसा ओतून काय होणार? कागद घेऊन बेड्यावर जाणारा माणूस सरकारने ठेवला पाहिजे. आणि घर द्यायचे ते शाळेच्या, नळाच्या, दवाखान्याच्या जवळ. शिवेबाहेर पक्के घर बांधून दिले, तर बहिष्कारालाच सिमेंट लावल्यासारखे होते.

आता ज्या शब्दाची मला चीड आहे, त्या शब्दाकडे येतो. तो शब्द म्हणजे ‘फुकट’. शहरातली सभ्य माणसे म्हणतात, आमच्या कराच्या पैशाने यांना फुकट घरे मिळतात. हिशेबच करू. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात वार्षिक ६ ते १२ लाख उत्पन्नाच्या कुटुंबाला घरकर्जाच्या व्याजात २,३५,००० रुपयांपर्यंत सवलत मिळत होती, २०२१ पर्यंत. त्याच काळात खेड्यातल्या भूमिहीनाला मिळत होते १,२०,०००. जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्याला राहत्या घराच्या कर्जावरचे वर्षाला दोन लाखांपर्यंतचे व्याज उत्पन्नातून वजा करता येते. त्याला कोणी फुकट म्हणत नाही. त्याला सवलत म्हणतात. गरिबाची ती भीक आणि आपली ती सवलत! शिवाय कर का एकटे नोकरदारच भरतात? मजुराची बायको साबणाची वडी घेते, तेव्हा तीही कर भरते. तिला पावती मिळत नाही, एवढाच फरक.

नोकरदारांच्या एका कराचा तर मला अभिमान वाटतो. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला, तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करावा म्हणून. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा भार उचलावा, असा तो विचार होता. पगारपत्रकावरची ती दोनशे रुपयांची कपात पाहून पुष्कळजण कपाळाला आठ्या घालतात. त्यांनी तिच्याकडे शेजारधर्म म्हणून पाहावे.

मंजूर झालेला पैसा तरी सगळा खर्च होतो काय? केंद्राने २०२४-२५ मध्ये ग्रामीण घरकुलांसाठी ५४,५०० कोटी रुपये धरले होते. सुधारित अंदाजात ते ३२,४२६ कोटींवर आले. वर्तमानपत्रात पहिला आकडा मोठ्या अक्षरांत येतो, दुसरा शोधावा लागतो. मे २०२५ मध्ये आपल्या राज्यात सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी रुपये लाडक्या बहिणींच्या मानधनाकडे वळले, तेव्हा सामाजिक न्यायमंत्र्यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. त्या बहिणींत दलित-आदिवासी बहिणीही आहेत, असे उत्तर देण्यात आले. आहेत ना! पण मग त्यांना ते पैसे साऱ्या बहिणींप्रमाणे सामान्य तिजोरीतून मिळायला हवेत. त्यांच्या वस्तीच्या रस्त्याचे आणि मुलांच्या वसतिगृहाचे पैसे काढून त्यांच्याच हातावर ठेवणे, याला देणे म्हणत नाहीत. आंध्र आणि कर्नाटक या राज्यांनी २०१३ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या निधीला कायद्याचे कुंपण घातले. फुले-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राने या बाबतीत मागे का राहावे?

बांधकाम मजुरांची गोष्ट तर अधिक बोचरी आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर सुरू झाला, तो त्यांच्या कल्याणासाठी. देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमले आणि त्यांतले सुमारे ९,५०० कोटीच कामी आले, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये नोंदवून सरकारांना खडसावले. जगाची घरे बांधणारा माणूस झोपडीत, आणि त्याच्या घराचा पैसा बँकेत!

निराश होऊन मात्र चालणार नाही. सोलापूरकडे पाहा. तेथल्या विडी कामगार स्त्रियांनी लाल बावट्याखाली, नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाने, वर्षानुवर्षे मोर्चे काढले. कुंभारीजवळ त्यांच्यासाठी दहा हजार घरांची वसाहत झाली. तिला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे, आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग तेथे घरे द्यायला आले. प्रत्येक घरामागे केंद्राचे वीस हजार, राज्याचे वीस हजार आणि विडी वळणाऱ्या बाईचे स्वतःचे वीस हजार. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे-नगर उभे राहू लागले, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांतली पंधरा हजार घरे पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते दिली गेली. दोन पंतप्रधान, दोन निरनिराळे पक्ष, पण मागणारे लोक तेच आणि संघटित. सरकारे बदलली तरी मागणी बदलली नाही, म्हणून घरे झाली. आपल्या जिनातल्या, हमालीतल्या, बांधकामावरच्या माणसांनी हा धडा घ्यावा. एकट्याचा अर्ज फायलीत हरवतो. हजारांचा अर्ज हरवत नाही.

शेवटी काही कामे सुचवतो. ग्रामसभेत आणि नगरपरिषदेत घरकुलांची यादी मोठ्याने वाचली जावी, आणि ऐकायला आपण हजर असावे. ठेकेदारांनी मजुराला नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला न अडवता द्यावा. त्यावाचून त्याची नोंदणी होत नाही. जागेचा निकाल लागल्याशिवाय घरकूल मंजूर झाले असे कोणी म्हणू नये. आणि राखीव निधी वळवता येणार नाही, असा कायदा करण्याचे वचन आपल्या आमदाराकडून घ्यावे.

आणखी एक काम आहे, त्याला सरकारचा एक पैसाही लागत नाही. या सभेत बसलेल्या पुष्कळांच्या घरी एखादी खोली भाड्याची असेल. उद्या कोणी नवा शिक्षक, नवी परिचारिका, नवा कारकून ती पाहायला येईल. त्याला भाडे विचारा, माणसे किती ते विचारा, पाण्याची वेळ सांगा. आडनाव विचारून मग ‘खोली दिली गेली’ असे सांगू नका. सरकारने कितीही कोटी खर्च केले तरी तो एक प्रश्न साऱ्या खर्चावर बोळा फिरवतो. घरकुलाची भिंत सरकार बांधील. दार मात्र आपल्यालाच उघडावे लागेल.