गुंडाळीतला ग्रंथ



आपल्या कर्जतपासून जवळच, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाण्याची लेणी आहेत. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, अशा अर्थाची एक ब्राह्मी ओळ तेथे कोरलेली आहे. सुमारे दोन हजार वर्षे ती जागची हललेली नाही. दगडाचे सामर्थ्य ते हेच, आणि उणीवही हीच. वाचणाराने तिथवर चढून गेले पाहिजे. शब्दाला प्रवास घडवायचा, तर त्याला हलक्या वस्तूवर उतरावे लागते.

मिसर देशात पपायरस नावाच्या लव्हाळ्याचे ताव एकास एक चिकटवून लांब पट्टा करीत, त्यावर लिहीत आणि तो गुंडाळून ठेवीत. हाच तिकडचा ग्रंथ. गांधार देशातील बौद्धांनी भूर्जपत्राच्या गुंडाळ्या केल्या. खरोष्ठी लिपीतील अशा गुंडाळ्या मातीच्या घड्यांत सापडल्या आहेत. चीनमध्ये इ. स. ८६८ साली छापलेली वज्रच्छेदिका सुमारे पाच मीटर लांबीची गुंडाळीच आहे. आणि आपल्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बेने इस्रायल बांधवांचा तोरा हा धर्मग्रंथ प्रार्थनेसाठी आजही चर्मपत्राच्या गुंडाळीवर, हातानेच लिहिलेला लागतो.

मग आपल्याकडे पोथी का झाली? उत्तर साधे आहे. ताडाचे पान गुंडाळले तर मोडते. म्हणून त्याच्या पट्ट्या कापायच्या, भोक पाडून दोरा ओवायचा, वरखाली फळ्या लावायच्या. पुढे कागद आला, तरी पोथीचा आडवा आकार आणि ‘पान’ हा शब्द राहिलाच.

गुंडाळीची अडचण अशी, की मधला मजकूर पाहायचा तर आधीचा सगळा उलगडावा लागतो. शिवाय लेखन बहुधा एकाच बाजूस. शिवलेल्या वहीत हवे ते पान तत्काळ निघते, दोन्ही बाजू उपयोगी पडतात. रोमन साम्राज्यात इसवी सनाच्या चौथ्या शतकापर्यंत वहीने गुंडाळीला मागे सारले, ते यामुळेच.

पण गुंडाळी आपल्या घरांतून गेली नव्हती! जन्मपत्रिका आठवा. मोडीतले जुने महजर आठवा. कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवून ते लिहीत. महत्त्वाच्या कागदांत सांध्यावर पाठीमागून शिक्का उमटवीत. मधला बंद कोणी बदलला, तर शिक्क्याची दोन अर्धुके जुळत नसत, लबाडी उघडी पडे. गुंडाळीचे हे दुबळे स्थानच पूर्वजांनी तिचे पहारेकरी केले.

आज मात्र खळ सुटते, सांधे निखळतात. शेवटचा बंद गेला की मोर्तब गेले, पहिला गेला की वर्ष गेले. उरतो तो पोरका कागद. वाचता येत नाही म्हणून अशी भेंडोळी आपण नदीला अर्पण करतो. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून असेच दप्तर धुंडाळले, आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड बाहेर आला. तो कागद कोणाच्या तरी घरात टिकला होता, म्हणूनच ना?

तेव्हा माझे मागणे एवढेच. आपल्या माळ्यावर असे भेंडोळे असेल, तर ते ओढून उलगडू नका, चिकटपट्टी लावू नका. कोरड्या सुती फडक्यात ठेवा आणि मोडी जाणणाऱ्यास दाखवा. त्यात कदाचित आपल्या शेताच्या बांधाची हकीकत असेल, कदाचित गावाच्या पाण्याची. उल्हासला आपण पुष्कळ काही दिले आहे. एवढे तरी देऊ नका.