उच्च प्राथमिक वर्गात संचांची ओळख



छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात जालना रस्त्याला पैठण गेट आणि उस्मानपुरा यांना जोडणारा रस्ता छेदतो. १८५७ च्या उठावातील सैनिकांच्या बलिदानाची आठवण या चौकाच्या नावात आहे. शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्यामुळे तो दुरूनही ओळखू येतो. चौक म्हणजे काय, असे सहावीतील विद्यार्थ्यास विचारले तर तो "दोन रस्ते मिळतात ती जागा" असे चटकन सांगेल. जमिनीचा जो भाग या रस्त्यातही मोडतो आणि त्या रस्त्यातही मोडतो, तो चौक, एवढे त्याच्याकडून वदवून घेतले की छेद संचाची कल्पना त्याच्या पदरात पडते. खूण आणि नाव यांची घाई नसावी.

याच चौकावरून जालना रस्त्याचा उड्डाणपूल जातो. पुलावरून धावणारे वाहन चौकातून गेले असे म्हणावे काय? वर्गात हा प्रश्न टाकल्यास दोन तट पडतील, आणि ते पडावेतच. पादचारी मार्गावर शिक्षकासोबत सुरक्षित उभे राहून दहा मिनिटे वाहने मोजणाऱ्या मुलांची पुलाविषयी आधी एकवाक्यता झाली नसेल, तर प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल. कोणती वाहने धरावयाची हे ठरविणे म्हणजे विश्वसंच ठरविणे. मग 'दुचाकी वाहने' हा एक संच आणि 'पैठण गेटकडे वळणारी वाहने' हा दुसरा. "मोठी वाहने" असा संच मात्र करता येत नाही, कारण मोठे कोणास म्हणावे याचा निर्णय प्रत्येकाच्या मनावर राहतो. सुस्पष्टता ही संचाची पहिली अट होय, आणि ती व्याख्येच्या पाठांतराने नव्हे, अशा वादानेच उमगते.

संचांचे शास्त्र जर्मन गणिती गेओर्ग कँटर यांच्या १८७४ पासूनच्या लेखनातून उभे राहिले. ते अनंताच्या मोजणीसाठी निर्माण झाले होते, शाळेसाठी नव्हे. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडल्यानंतर अमेरिकेत गणितशिक्षणाच्या सुधारणेला वेग आला आणि 'नवे गणित' या नावाने संच थेट लहान मुलांच्या वर्गात पोहोचले. चिन्हे आली; त्यामागील वस्तू मात्र पुष्कळदा आल्याच नाहीत. १९७३ मध्ये मॉरिस क्लाइन यांनी या प्रयोगावर कडाडून टीका केली. तिचा काही भाग अतिरेकी वाटला तरी महिरपी कंसांनी भरलेली वही म्हणजे समज नव्हे, हा तिचा गाभा नाकारता येत नाही. आपल्याकडे राज्य मंडळाच्या नववीच्या २०१७ च्या गणित पाठ्यपुस्तकात संच हे पहिलेच प्रकरण आहे. सहावी ते आठवीची तीन वर्षे पूर्वतयारीस मिळतात; ती कंसांवर खर्ची पडू नयेत.

भूगोलाच्या तासालाही ही तयारी होऊ शकते. मराठवाड्यातील जिल्ह्यांचा संच लिहावयास सांगावे. आज त्यात आठ घटक आहेत. १९६० मध्ये पाचच होते. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये निर्माण झाले. म्हणजे संचाच्या वर्णनात काळही सांगावा लागतो. दुसरा संच, महाराष्ट्रातील ज्या जिल्ह्यांतून किंवा ज्यांच्या सीमेवरून गोदावरी वाहते त्यांचा. मुले नाशिकपासून नांदेडपर्यंत सात नावे लिहितील आणि थांबतील. नदी पुढे तेलंगणात जाऊन सिरोंच्याजवळ पुन्हा महाराष्ट्राच्या सीमेला लागते, त्यामुळे आठवे नाव गडचिरोलीचे. आठवणीने केलेली यादी आणि गुणधर्माने सांगितलेला संच यांत तफावत कशी पडते, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल! आता दोन वर्तुळे काढावीत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि नांदेड ही पाच नावे मधल्या सामाईक भागात पडतात. लातूर, धाराशिव, हिंगोली एका बाजूस, तर नाशिक, अहिल्यानगर, गडचिरोली दुसऱ्या बाजूस. आठ अधिक आठ सोळा होत नाहीत, अकरा होतात. अशा वर्तुळांना जॉन व्हेन या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाचे नाव आहे. त्यांनी ती १८८० मध्ये मांडली.

रिक्त संच मुलांना अडखळवतो. ज्या दिवशी वर्गात सर्व जण हजर असतात, त्या दिवशीही गैरहजेरीचा रकाना हजेरीपटावर असतोच. त्यात नाव मात्र एकही नसते. असा रकाना म्हणजे रिक्त संच. केवळ शून्य ही संख्या ज्यात आहे तो संच रिक्त नव्हे, कारण त्यात एक घटक आहे, हे त्यानंतर सांगावे.

पंचायत सदस्यांचा या विषयाशी काय संबंध, असे कोणास वाटेल. एका गावात १२० घरे आहेत असे धरू. नळजोडणी ६० घरांना, शौचालय ४५ घरांत. अहवाल लिहिणाऱ्याने ६० आणि ४५ मिळवून १०५ घरांस लाभ पोहोचला, १५ उरली, असे लिहिले. बेरीज १२० च्या आत असल्याने कोणास शंका येत नाही. परंतु ३० घरांत दोन्ही सोयी असतील तर ती दोनदा मोजली गेली. किमान एक सोय मिळालेली घरे ७५, आणि काहीही न मिळालेली ४५. पंधरा घरांसाठी मागणी गेली की उरलेली तीस घरे कागदावरून नाहीशी होतात. त्या घरांनी तक्रार केली तरी आकडा बरोबरच आहे असे त्यांना सांगितले जाते, कारण बेरीज खरोखरच बरोबर असते. चूक बेरजेत नसून सामाईक भाग वजा न करण्यात आहे. दोन याद्या असणाऱ्या प्रत्येक योजनेस हे लागू पडते.

म्हणून सातवी-आठवीच्या वर्गासाठी ग्रामपंचायतीने अशा दोन याद्या, कुटुंबांची नावे वगळून केवळ घरक्रमांकांसह, शाळेला द्याव्यात. क्रमांकांच्या चिठ्ठ्या करून जमिनीवर खडूने आखलेल्या दोन वर्तुळांत मुलांनी त्या ठेवाव्यात. एक चिठ्ठी दोन्ही वर्तुळांत हवी असे मुलाच्या ध्यानात आले की ती कोठे ठेवावी हे त्याचे त्यानेच शोधावे. शिक्षकाने तेवढा वेळ थांबावे. वर्तुळांबाहेर उरलेल्या चिठ्ठ्यांची संख्या फळ्यावर लिहावी आणि ग्रामसभेपुढे येणाऱ्या आकड्याशी ताडून पाहावी.