जयंतीचे ऋण आणि दानाची रीत

(भीमजयंतीनिमित्त ऑकलंड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



न्यूझीलंडच्या घड्याळात १४ एप्रिल हा दिवस भारताच्या साडेसहा तास आधी सुरू होतो. येथे मध्यरात्रीचे बारा वाजतात तेव्हा नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि मुंबईच्या चैत्यभूमीवर अजून १३ एप्रिलची सायंकाळ असते. म्हणजे परमपूज्य बाबासाहेबांना जयंतीचे अभिवादन करण्याचा मान जगात प्रथम ज्यांच्याकडे येतो त्यांत आपण आहोत. मान प्रथम आला की जबाबदारीही प्रथम येते. म्हणून आज एका साध्या प्रश्नाचा विचार आपणांसमोर मांडण्याचे आम्ही योजिले आहे. वाढदिवस, मग तो महामानवाचा असो वा आपल्या घरातील बाळाचा, साजरा करावा म्हणजे नेमके काय करावे?

बाबासाहेबांना स्वतःचा वाढदिवस साजरा झालेला फारसा रुचत नसे. १९४७ साली वाढदिवसानिमित्त निघालेल्या एका विशेषांकाला दिलेल्या संदेशात त्यांनी हे स्पष्टपणे सांगितले. व्यक्तिपूजा लोकशाहीला विकृत करते, असे त्यांचे मत होते. त्याआधी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त बोलतानाही त्यांनी थोरांविषयीचा आदर आणि थोरांची अंधभक्ती यांतील भेद समजावून दिला होता. तरीही पुण्याच्या जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १९२८ साली सुरू केलेली सार्वजनिक भीमजयंतीची प्रथा खंडली नाही, आणि ती खंडावी असे आम्हीही म्हणणार नाही. ज्या समाजाला कॅलेंडरात स्वतःचा असा एकही दिवस नव्हता, त्याला हा दिवस मिळाला. प्रश्न दिवस पाळावा की नाही हा नाही. तो पाळताना आपले हात काय करीत असतात, हा आहे.

याचे उत्तर बाबासाहेबांच्याच चरित्रात सापडते. विद्यार्थिदशेत भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाले म्हणून त्यांच्या सत्काराची सभा भरली. त्या आनंदाच्या प्रसंगी दादा केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे याच केळुस्करांनी महाराज सयाजीराव गायकवाडांकडे त्यांच्या शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकला. हारतुरे त्या दिवशीही असतील. त्यांची आज कोणाला आठवण नाही. पुस्तक मात्र त्या मुलाच्या मनात राहिले आणि त्या वाटेच्या शेवटी १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस उभा राहिला. एखाद्या मुलाचा आनंदाचा दिवस दुसऱ्याने दिलेल्या योग्य दानाने कसा सार्थकी लागतो, याचे याहून मोठे उदाहरण आपल्याला ठाऊक नाही.

परंतु दान हा शब्द आपल्या समाजाने जपून उच्चारला पाहिजे. आपण दानाच्या दुसऱ्या टोकाला पिढ्यान्‌पिढ्या उभे होतो. येसकराची पाळी आली की घरोघर फिरून भाकरी मागायची, आणि ती वरून, अंतर राखून, टोपल्यात टाकली जायची. पोट भरत असे, पण मान खाली जात असे. १९२७ च्या मार्च महिन्यात महाड येथील परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उष्टे तुकडे मागणे आणि मृत जनावराचे मांस खाणे सोडण्यास सांगितले ते याचसाठी. म्हणून आज आपल्या हाती चार पैसे आले असताना त्याच वरच्या हाताने देणारे आपण होता कामा नये.

हे आम्ही इतरांना उपदेश म्हणून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी जयंतीनिमित्त आम्ही काही कुटुंबे मिळून येथील एका अन्नछत्रात जेवण वाढण्यास गेलो होतो. उत्साहाच्या भरात वाढता वाढता छायाचित्रे काढू लागलो. रांगेतील एका वृद्ध बाईंनी ताट घेतले आणि मान वळवून चेहरा हाताने झाकला. तेथील सेविका आमच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, जेवणाऱ्यांची छायाचित्रे आम्ही काढू देत नाही. तिने आम्हांला दोष दिला नाही. परंतु त्या झाकलेल्या चेहऱ्यात आम्हांला आमची आजी दिसली. ती टोपले घेऊन दारोदार जात असे आणि त्याविषयी मरेपर्यंत कोणाशी बोलली नाही. ती छायाचित्रे आम्ही नष्ट केली. त्या दिवसापासून दानाची एकच कसोटी आम्ही मानतो: घेणाऱ्याची मान ताठ राहिली काय?

भगवान बुद्धांनी ही रीत स्वतः आचरून दाखविली आहे. विनयपिटकात कथा आहे. अतिसाराने पीडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नसे, म्हणून त्याची शुश्रूषा कोणी करीत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला धुऊन स्वच्छ केले आणि उचलून मंचकावर निजविले. मग संघाला बोलावून ते म्हणाले, भिक्खूंनो, तुमची सेवा करण्यास येथे तुमचे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने रुग्णाची करावी. परदेशात राहणाऱ्या आपणांस हे वचन किती जवळचे आहे ते सांगावयास नको. येथे आपलेही आईबाप नाहीत.

स्मरणाचा दिवस सेवेने पाळण्याची रीत या देशालाही नवी नाही. जयंतीनंतर थोड्याच दिवसांनी, २५ एप्रिलच्या ॲन्झॅक दिनाच्या सुमारास, रस्त्यारस्त्यांवर माणसे छातीवर तांबडे पॉपीचे फूल लावतात. १९२२ साली येथे ही फुले प्रथम विकली गेली. त्यांतून जमलेल्या पैशांपैकी काही भाग महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या उत्तर फ्रान्समधील लोकांसाठी गेला आणि उरलेला येथील बेकार माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठी. फूल छातीवर आणि पैसा गरजवंताच्या घरी, आणि त्या गरजवंताला कोणाच्या दारी उभे राहावे लागत नाही, अशी ती योजना.

वैद्यकाच्या व्यवसायात आयुष्याची बरीच वर्षे घालविल्यामुळे आम्हांला अशा दानाचे आणखी एक उदाहरण नेहमी डोळ्यांपुढे दिसते. १४ जून हा कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाचा जन्मदिवस. त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मानवी रक्ताचे गट शोधून काढले आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २००४ पासून त्यांचा जन्मदिवस जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी कोणी त्यांच्या तसबिरीची मिरवणूक काढीत नाही. लोक बाही वर करून खाटेवर आडवे होतात. त्यांच्या शोधाचा अर्थही ध्यानात घ्यावा. रक्ताचे गट आहेत, पण ते जातीप्रमाणे पडत नाहीत. ज्याच्या सावलीचा विटाळ मानला त्याच्याच रक्ताने विटाळ मानणाऱ्याचे प्राण वाचू शकतात. वर्णव्यवस्थेला प्रयोगशाळेने दिलेले याहून चोख उत्तर आम्हांला माहीत नाही.

रक्तदानात देणारा आणि घेणारा एकमेकांस कधी भेटत नाहीत. उपकाराचे ओझे नाही, आभार नाहीत, छायाचित्र नाही. एका वेळी सुमारे अर्धा लिटर रक्त घेतात. त्यातील द्रवाची भरपाई शरीर एकदोन दिवसांत करते, तांबड्या पेशींची काही आठवड्यांत. ते रक्त बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या मातेला, अपघातग्रस्ताला वा कर्करोगाच्या रुग्णाला जाते. येथील राष्ट्रीय रक्तसेवा १९९८ साली स्थापन झाली आणि ती सर्वस्वी विनामूल्य, ऐच्छिक दानावर चालते. आणखी एक गोष्ट आपण जाणून असावी. युरोपीय वंशाच्या लोकांत बी रक्तगट दहांत जेमतेम एकाचा असतो. भारतीयांत तो तिघांत साधारण एकाचा असतो. म्हणजे आपली लोकसंख्या लहान असली तरी आपल्याजवळ देण्याजोगे काही विशेष आहे.

मात्र डॉक्टर म्हणून सावधगिरीचे दोन शब्द. भारतातून नुकतेच परतलेल्यांना हिवतापाच्या भीतीमुळे काही काळ थांबावे लागू शकते, म्हणून आधी चौकशी करावी. आपल्या अनेक भगिनींच्या रक्तात लोह कमी असते. त्यांनी आग्रहापोटी दान न करता प्रथम स्वतःचे हिमोग्लोबिन सुधारावे. ज्यांना रक्त देता येणार नाही त्यांनी खट्टू होऊ नये. रक्तदात्याला गाडीतून नेणे-आणणे हेही दानच आहे.

आता घरातील वाढदिवसांविषयी. महाराष्ट्रात जयंतीला सलग अठरा तास अभ्यास करणारे विद्यार्थी आहेत, आणि अलीकडे हार-मेणबत्त्यांऐवजी एक वही, एक पेन आणून अभिवादन करण्याची प्रथाही रुजली आहे. तिला आपण घरात स्थान द्यावे. मूल जितक्या वर्षांचे झाले तितक्या वह्या वा पुस्तके त्याने आपल्या हाताने निवडावीत आणि ती गावाकडील वसतिगृहात वा येथील एखाद्या शाळेत पोचवावीत. पाठविणाऱ्याचे नाव लिहू नये. केक अवश्य कापावा. आनंदाला आमचा विरोध नाही. पण त्या दिवशी आपल्या मुलाने घेण्याबरोबर देण्याचाही अनुभव घेतलेला असावा.

आणि मोठ्यांनी आपल्या वाढदिवशी पैशापेक्षा वेळ द्यावा. नुकत्याच आलेल्या कुटुंबाबरोबर दवाखान्यात दुभाषा म्हणून जावे. मुलाकडे राहावयास आलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या आणि दिवसभर घरात एकट्या बसणाऱ्या वृद्ध मातेशी दोन तास मराठीत बोलावे. या दुखण्यावर आमच्याजवळ औषधाची चिठ्ठी नाही. त्याचे औषध आपणच आहात.

बाबासाहेबांचे ऋण फिटणारे नाही, असे आपण प्रत्येक जयंतीला म्हणतो. आम्हांला वाटते, ते फेडण्यासाठी नाहीच. ते पुढे देण्यासाठी आहे. केळुस्करांनी भीमरावांना पुस्तक दिले, बाबासाहेबांनी ते आपल्या सर्वांपर्यंत पोचविले. आता पाळी आपली. येत्या १४ जूनला सकाळी आम्ही रक्तदान केंद्रावर जाणार आहोत. आमच्या गाडीत चार जागा रिकाम्या आहेत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर आम्हांला भेटावे.

जयभीम! नमो बुद्धाय!