तारीख हवी, चित्र नको



हल्ली घरोघरी हार्ड डिस्कवर हजारोंनी फोटो साठलेले असतात. मग सी शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलेला एखादा भाचा पुढे येतो, "मामा, सगळे फोटो तारखेनुसार लावून देतो" म्हणतो. प्रोग्राम चालू होतो, पंखा घरघरतो, रात्र सरते आणि काम काही सरत नाही. दोष जातो जुन्या कॉम्प्युटरला. मी आज त्या बिचाऱ्याचं वकीलपत्र घेऊन आलोय.

विंडोज फाइलवर दाखवते ती 'क्रिएटेड' तारीख इथे कामाची नाही. पेनड्राइव्हवरून फाइल कॉपी केली, की ती कॉपीच्या दिवसाची होते. फोटो कधी काढला, ते कॅमेरा फोटोच्या आतच लिहून ठेवतो. त्या नोंदीला एक्झिफ म्हणतात. जपानच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाने १९९५ साली हे मानक आणलं.

ही नोंद वाचायला भाचा लिहितो 'इमेज.फ्रॉमफाइल'. सरळ, सोपं, आणि महागडं. कारण ही आज्ञा चित्र धड आहे की नाही हे तपासायला ते अख्खं उलगडते. ६००० बाय ४००० चा फोटो म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. प्रत्येकी तीन बाइट धरा, ७ कोटी २० लाख बाइट झाले. आणि आपल्याला हवी होती १९ अक्षरांची तारीख! सातबाऱ्यावरचं नाव बघायला कुणी शेत नांगरत नाही. शिवाय ते ऑब्जेक्ट 'डिस्पोज' करेपर्यंत फाइल अडकून राहते, हलवायला गेलं की 'फाइल वापरात आहे' हे उत्तर ठरलेलं.

मग चित्र न उलगडता तारीख कशी वाचायची? त्यासाठी जेपेगच्या, म्हणजे फोटोच्या फाइलच्या, आत डोकावू. पहिले दोन बाइट एफएफ, डी८. पुढे खण लागतात. प्रत्येकाच्या तोंडाशी एक खूण आणि दोन बाइटांत लांबी. नको तो खण लांबी पाहून ओलांडायचा. एफएफ, ई१ अशी खूण दिसली की थांबायचं, पण लगेच हुरळायचं नाही. एक्सएमपी नावाच्या दुसऱ्या प्रकारची माहितीही याच खुणेखाली बसते. पुढे 'एक्झिफ' ही रोमन अक्षरं आणि दोन शून्य बाइट असतील, तरच घर बरोबर. लांबीच दोन बाइटांत मावायची, म्हणून हा खण ६४ केबीच्या वर जाऊ शकत नाही.

मग दोन अक्षरं: दोन 'आय' म्हणजे बाइट मांडायची इंटेलची पद्धत, दोन 'एम' म्हणजे मोटोरोलाची. पाठोपाठ ४२ हा आकडा. तो १०७५२ वाचला गेला, तर बाइट उलटे वाचलेत हे ओळखा. त्यापुढे बारा-बारा बाइटांच्या नोंदी. त्यांतली ३४६६५ क्रमांकाची नोंद आतल्या यादीकडे नेते आणि तिथे ३६८६७ खाली तारीख सापडते. वर्ष, महिना, दिवस यांच्यामध्येही कोलन असतात, त्यामुळे साधं 'डेटटाइम.पार्स' इथे भरवशाचं नाही. साचा स्वतः सांगावा.

इतकं हाताने लिहायचा कंटाळा असेल (मला तर येतो), तर 'इमेज.फ्रॉमस्ट्रीम'ला तिसरा पर्याय 'फॉल्स' द्या. तपासणी टळते, प्रोग्राम पळायला लागतो. त्याहून बरं म्हणजे ड्रू नोक्स यांची 'मेटाडेटा एक्स्ट्रॅक्टर' ही मोफत लायब्ररी; चित्र न उलगडता ती नोंदी काढून देते. साध्या फिरत्या डिस्कवर दहा थ्रेड लावून घाई मात्र करू नका. तिची सगळी डोकी एकाच दांड्यावर, तो इकडून तिकडे धावत बसतो.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत सहसा ही नोंद उरतच नाही. तिथे फाइलच्या नावातल्या तारखेवर भागवावं लागतं, आणि तीही फोटो काढल्याची नव्हे. शिवाय पुण्यातले आणि न्यू जर्सीतल्या लेकीचे फोटो एकत्र लावलेत तर क्रम बिघडेल, कारण घड्याळ कुठल्या देशाचं हे लिहायला एक्झिफमध्ये जागा झाली ती २०१६ च्या २.३१ आवृत्तीत. त्याआधीच्या फोटोंबाबत प्रोग्रामने स्वतः अंदाज बांधू नये. घरच्या माणसांना विचारावं.