दिवेलागणीनंतरची शाळा

शाळा हा शब्द उच्चारताच पाटी-दप्तर घेतलेली बालके डोळ्यांपुढे उभी राहतात. विद्या ही बालवयातच घ्यावयाची, आणि ते वय टळले की तिचा दरवाजा मिटला, अशी आपली पिढ्यान् पिढ्यांची समजूत आहे. परंतु ज्ञानाची भूक जन्मतारखेचा दाखला मागत नाही. परिस्थितीमुळे लहानपणी सुटलेली शाळा मोठेपणी, पोटाचा उद्योग सांभाळून, पुन्हा धरू पाहणारी माणसे गावोगाव आहेत. त्यांची खरी अडचण बुद्धीची नसून वेळेची असते. आणि तो वेळही बहुधा त्यांच्या मालकीचा नसतो.

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोरी हे गाव लागते. भोवतालचा मुलूख ज्वारीचा, कापसाचा, तुरीचा आणि अलीकडे सोयाबीनचा. अशा गावातील तीस वर्षांचा एखादा सालगडी कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. सातवी-आठवीनंतर बाप आजारी पडला, थोरला म्हणून त्याने औत धरले, आणि शाळा राहिली ती राहिलीच. आज त्याला दहावी व्हावयाचे आहे. मार्ग आहे. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरून रोज शाळेत न जाताही त्याला खाजगी रीतीने परीक्षेस बसता येते. मग अडते कोठे?

अडते ते पंचांगात. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते; नेमकी त्याच वेळी रब्बीची ज्वारी काढणीस आलेली असते. त्याआधीचे जे महिने अभ्यासाचे, तेच सोयाबीनच्या काढणीचे आणि कापसाच्या वेचणीचे. एखाद्या विषयात राहिला, तर पुरवणी परीक्षा जून-जुलैत, म्हणजे ऐन पेरणीच्या दिवसांत. चैत्र-वैशाखात शेत मोकळे होते, तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असते. विद्येचे वर्ष आणि मातीचे वर्ष एकमेकांशी जुळत नाही, आणि या दोहोंच्या ओढाताणीत हा विद्यार्थी सापडतो. साल ठरलेले असते गुढीपाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत. परीक्षेच्या दिवसांची रजा मागावयाची, तर ती मालकाच्या मर्जीवर.

या भागात हा प्रश्न आजचा नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. वरच्या शिक्षणात उर्दूचे वर्चस्व असल्यामुळे मराठी घरांतील कितीतरी मुलांची पावले माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यापाशीच थबकली. त्या पिढीची राहून गेलेली अक्षरे पुढच्या पिढीच्या डोक्यावर ऋणासारखी राहिली.

हा पेच ज्यांनी पूर्वी ओळखला, त्यांनी विद्यार्थ्याला दोष दिला नाही. त्यांनी शाळेचे घड्याळ बदलले. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व कष्टकरी लोकांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवस धन्याचा असेल, तर रात्र तरी विद्यार्थ्याची असावी, हा त्यामागील साधा व्यवहार. पुढे १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथे वर्ग सकाळच्या प्रहरी ठेवण्यात आले. हेतू हा की, तरुणाने शिकावे आणि मग कचेरीत वेळेवर हजरही व्हावे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, आणि पदवीचा अभ्यास विद्यार्थ्याच्या घरापर्यंत पोचला. तथापि पुस्तक घरी पोचले म्हणजे वेळही पोचला, असे होत नाही. तो घरच्यांनी आणि मालकानेच द्यावा लागतो.

वेळेच्या खालोखाल शत्रू म्हणजे संकोच. आपल्या मुलाच्या वयाच्या पोरांनी आपल्याला चुकताना पाहावे, ही कल्पनाच मोठ्या माणसाला नकोशी होते. हा संकोच मोडून काढणाऱ्यांत पार्वतीबाई आठवले यांचे नाव आदराने घ्यावे लागते. वैधव्य आल्यानंतर, बालपण केव्हाच मागे पडले असता, त्या पुण्यास आपले मेहुणे धोंडो केशव कर्वे यांच्याकडे येऊन शिकल्या. पुढे त्यांनी हिंगण्याच्या आश्रमाच्या कामास स्वतःला वाहून घेतले. १९१८ साली, वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, इंग्रजी शिकण्यासाठी त्या अमेरिकेस गेल्या, आणि तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून त्यांनी आपला चरितार्थ चालविला. हाताने भांडी घासावी आणि मनाने धडा घोकावा, असे ते विद्यार्थिदशेचे दिवस होते.

दुसरे उदाहरण परभणीकरांच्या अगदी ओळखीचे आहे. कवी नारायण सुर्वे यांना एका गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून पोटच्या मुलासारखे वाढविले. लहानपणीच मजुरी नशिबी आली. पुढे ते नगरपालिकेच्या शाळेत शिपाई झाले. ज्या शाळेची घंटा वाजवावयाची, त्या शाळेतील विद्येवर आपलाही हक्क आहे, हे त्यांनी मनोमन ओळखले असले पाहिजे; कारण मोठेपणी सातवीची परीक्षा देऊन ते पुढे शिक्षक झाले. त्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह १९६२ साली प्रसिद्ध झाला. १९९५ साली परभणीस अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी हेच सुर्वे होते. बोरीच्या सालगड्याला यापेक्षा जवळचा दाखला कोणता द्यावा?

प्रौढाला शिकविण्याची रीत मात्र निराळी आहे. तो कोऱ्या पाटीसारखा येत नाही. पावकी, निमकी, दिडकी त्याच्या जिभेवर असतात; शेकडा किती व्याज, हे तो तोंडी सांगतो; त्याला अडते ते कागदावर मांडणे. म्हणून आधी त्याचे तोंडी गणित कागदावर उतरवावे, मग पुस्तकातील उदाहरणाकडे जावे. वाचनाचा आरंभ सातबाऱ्याचा उतारा, बियाण्याच्या पिशवीवरील मजकूर, पतपेढीचे पासबुक यांवरून करावा. चुकल्यास चारचौघांत टोकू नये. आणि मुख्य म्हणजे, आठवड्यातून एकदा चार तास बसविण्यापेक्षा रोज एक तास बसवावे. दिवसभर राबलेल्या शरीराला लांबलेला पाठ पेलत नाही, आणि खंड पडला की अक्षर विसरते.

हा रोजचा एक तास कोठून यावा? येथे शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचा संबंध येतो. बोरीसारख्या गावांतून आलेली माणसेच आपल्या घरी स्वयंपाक करतात, आपली मोटार हाकतात, आपल्या दुकानात माल मोजतात. त्यांतील एखाद्याच्या पिशवीत दहावीचे पुस्तक असेल आणि संकोचाने त्याने ते सांगितले नसेल. आपण ते विचारावे. संध्याकाळी तासभर आधी त्याला मोकळे करावे. परीक्षेच्या दिवसांची रजा पगार न कापता द्यावी. अर्ज भरताना आपल्या लेखणीचे साहाय्य द्यावे, आणि आपल्या मुलांची जुनी पुस्तके रद्दीत घालण्यापूर्वी त्याला विचारावे. याला दानधर्म म्हणण्याचे कारण नाही. आपली सकाळ आणि आपली मुले ज्याच्या श्रमावर वेळेत शाळेला पोचतात, त्याचा एक तास त्याला परत करणे एवढाच त्याचा अर्थ.

विद्या दिल्याने वाढते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मोठ्या माणसांच्या बाबतीत ती देण्यासाठी शिक्षकच असावे लागते असे नाही. ज्याच्या हाती दुसऱ्याचा वेळ आहे, अशा प्रत्येकाला ती देता येते.