देव काय साहेबाचा?



आमच्या साचेखात्यात एका ख्रिस्ती गड्याला कुणीतरी तोंडावर म्हणालं, "तुझा देव साहेबाचा, तुला देशाचं काय?" गडी मुकाट साच्यावर उभा राहिला. आम्हीही गप्प बसलो, हे वाईट झालं.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. म्हणून काय ते साहेब झाले? ख्रिस्ताची प्रार्थना त्यांनी अभंगात, ओवीत बांधली. देवळात भजन नेलं. त्याच लेखणीनं देशावरही कविता केल्या. आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही तिथं मज्जाव नव्हता! साहेबाच्या पगारावर पाणी सोडणारा हा माणूस परका कसा?

त्या गड्याची आम्ही चार पाळीवाल्यांदेखत माफी मागणार आहोत. तुम्हीही या.