फरशी आणि चिंच-लिंबू

तांब्याची घागर चिंचेनें घासली कीं लखलखते, हें आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. मग तीच चिंच अथवा लिंबू फरशीला कां चालूं नये, असें मनांत येणें स्वाभाविक आहे. माझ्याही मनांत तें आलें. एका सणाच्या आदल्या दिवशीं मीं माजघरांतील शहाबादी फरशी लिंबाच्या पाण्यानें धुतली. दाराजवळ तें पाणी सांचून राहिलें. दुसऱ्या दिवशीं पाहुणे आले तेव्हां तेथें ताटाएवढा पांढुरका, खरखरीत डाग उमटलेला होता. तो मळ समजून मीं पुन्हा लिंबू चोळलें, डाग वाढला.

याचें कारण असें. कर्नाटकांतील शहाबादची फरशी काय किंवा राजस्थानांतील कोट्याची काय, दोन्ही चुनखडीच्या जातीच्या. मकराण्याचा संगमरवर हेंही चुनखडीचेंच, भूगर्भांतील उष्णतेनें व दाबानें पालटलेलें रूप. चिंच, लिंबू, व्हिनेगर, आंबट ताक यांतील आम्ल या दगडावर पडलें कीं कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात आणि दगडाचा वरचा थर विरघळतो. म्हणजे तो डाग मळाचा नव्हे, गेलेल्या झिलईचा. तो धुऊन जाणार कसा? तेथें पुन्हा पॉलिशच करावें लागतें. रिठ्याचें पाणी आपण सौम्य समजतों, पण तेंही किंचित् आम्लच असतें.

आपली फरशी कोणत्या जातीची हें ठाऊक नसल्यास उरलेल्या तुकड्यावर लिंबाचा एक थेंब टाकावा. फसफसला तर चुनखडी. ग्रॅनाइट असा फसफसत नाहीं. मात्र त्याच्या सांध्यांतील सिमेंटला आम्ल बाधतेंच.

मग करावें काय? प्रथम केर अगदीं नीट काढावा. वाळूचा कण चुनखडीहून पुष्कळ कठीण असतो. ओल्या फडक्याखालीं तो कानशीसारखा फिरतो. नंतर 5 लिटर कोमट पाण्यांत भांड्यांचा सौम्य पातळ साबण चहाचा एक चमचा, एवढें पुरे. येथें आपला हात सैल सुटतो. परंतु जास्त साबणाचा पापुद्रा बसून फरशी उलट मळकट दिसते. मग साध्या पाण्यानें दोनदां पुसून कोरड्या कापडानें टिपावी. तेल सांडलें असेल तर खायचा सोडा पाण्यांत दाट कालवून डागावर थापावा, एक दिवस झांकून ठेवावा, आणि वाळल्यावर लाकडी पट्टीनें हलकेच काढावा. एकदां न गेल्यास पुन्हा.

ब्लीचिंग पावडर व आम्ल मात्र कधींच एकत्र करूं नये. त्यांतून क्लोरीन वायु निघतो, आणि बंद न्हाणीघरांत तो जिवावर बेततो.

आमच्या दारापाशींचा डाग अद्याप आहे. त्यावर आम्हीं पायपुसणें टाकलें आहे.